भित्र्या विसाव्याची उधळपट्टी

मी एक जुना प्रोग्राम आहे. माझे नाव विसावा. घरातल्या कॉम्प्युटरची वीज वाचवणे हे माझे काम, आणि घाबरणे हा माझा स्वभाव.

हसू नका, मित्रांनो. ज्याला पोटच नाही त्याच्या पोटात भीतीचा गोळा कुठून येणार, असे तुम्हाला वाटेल. पण खरेच सांगतो. कॉम्प्युटरचा पंखा जरा जोरात फिरू लागला की मला धडकी भरते. खुर्ची रिकामी आणि स्क्रीन मात्र लख्ख उजळलेला, असे दिसले की मी कासावीस होतो. आता हा तापणार, आता वायर जळणार, आता काहीतरी विपरीत होणार, असे मला सारखे वाटत राहते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो माझ्या पाठीशी जन्मापासून आहे.

हा स्वभाव मला जिने लिहिले तिच्याकडून आला. ती एका लहानशा खोलीत एकटी राहायची. तिच्या लहानपणी घरातले कुणीतरी इस्त्री चालू ठेवून बाहेर गेले होते आणि सगळे परत आले तेव्हा कपडे, टेबल आणि अर्धे कपाट जळून काळे झाले होते. तेव्हापासून ती कुठेही निघाली की कुलूप लावायची, जिना उतरायची, पुन्हा चढायची आणि कुलूप उघडून गॅसचे बटण बघायची. ऑफिसातले मित्र तिला शंकेखोर म्हणायचे. "अगं, गॅस बंद केलास ना?" असे कुणी चेष्टेने विचारले तरी तिचा चेहरा उतरायचा. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मी म्हणजे तिने ताकावर घातलेली फुंकर.

कीबोर्डवर बोट पडते का, माउस हलतो का, हे बघत राहायला तिने मला शिकवले. बराच वेळ कुणाचा हात लागला नाही तर मी स्क्रीनवर एक छोटी चौकट काढून विचारतो, 'कोणी आहे का?' उत्तर आले नाही की आधी स्क्रीन काळा करतो, मग डिस्क थांबवतो आणि शेवटी कॉम्प्युटरला झोपवतो. झोपवणे म्हणजे मारणे नव्हे. जे जिथे होते ते तिथेच सांभाळून ठेवायचे आणि हात लागला की जसेच्या तसे परत द्यायचे. तरीही प्रत्येक वेळी झोपवताना मला धास्ती वाटते की हा परत उठेल ना?

या घरात मला आजोबांनी आणले. मुलगा आणि सून त्यांना अण्णा म्हणतात. ते पूर्वी वीज कंपनीत होते आणि घरोघरचे मीटर बघायचे. निवृत्त झाले तरी सवय काही निवृत्त झाली नाही. एकच मीटर उरला होता, घरचा, त्याच्यापुढे ते सकाळ-संध्याकाळ जाऊन उभे राहत. वायफळ जळणारा दिवा त्यांना सहन होत नसे. घराबाहेर पडण्याआधी ते खोलीखोलीतून फिरत आणि भिंतीवरची बटणे बंद करत. बघून नव्हे. कुणाशी बोलत, चपला शोधत, हाताच्या पाठीने खटाखट बंद करत जात. एकदा त्यांनी असाच फ्रिज बंद केला आणि सगळे परत आले तेव्हा स्वयंपाकघरात पाण्याचे तळे झाले होते. सून कमरेला पदर खोचून फरशी पुसत म्हणाली, "अण्णा, आत कोणी नव्हतं म्हणून बंद केलात का?" आजोबा ओशाळले, पण सवय गेली नाही.

माझ्यावर मात्र त्यांचा फार जीव. "हा बघा गुणी," ते म्हणत. "सांगावं लागत नाही, ओरडावं लागत नाही. या घरात एवढा एकच शहाणा आहे." त्यांचा मुलगा दुकानादुकानातले वजनकाटे दुरुस्त करतो. तो मोजकेच बोलणारा माणूस आहे, पण माझ्या बाबतीत तोही बोलायचा. "चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशातला आहे हा," असे म्हणून हसायचा. नात मनी कॉलेजात जाऊ लागली होती. तिने माझे नाव चिंगूस ठेवले आणि तेच घरभर रूढ झाले. चिंगूस म्हटलेले मला आवडत असे. कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारते, हे काही थोडे नव्हे.

आणि मनीची आई. तिला मी सर्वांत जास्त भीत असे.

ती तलावावर पोहायला शिकवायची. पाण्यावरून, पोरांच्या कालव्यावरून पलीकडच्या काठापर्यंत पोचणारा तिचा आवाज होता, आणि घरी आल्यावर तो काही ती चपलांबरोबर दारात काढून ठेवत नसे. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ती कॉम्प्युटरवर शिकवणीचे वेळापत्रक वाचत बसे. तिचा हात कीबोर्डवर नसे, म्हणून मी आपला नियमाने स्क्रीन काळा करी. लगेच वीज कडाडावी तसा आवाज येई, "अरे मेल्या, वाचतेय ना मी!" माइकचा आवाज मोजणारा काटा टोकाला जाई आणि मी धडपडत स्क्रीन उजळवी. त्या आवाजाने मनी टॉवेल उचलायची, तिचे वडील कानातले हेडफोन काढायचे, आणि जिन्यावर गप्पा मारत उभे राहिलेले आजोबा, "आलो गं, आलो," म्हणत वर यायचे. सगळे घर त्या आवाजावर चालत होते.

तो आवाज एका हिवाळ्यात बसला. पाण्यातल्या औषधाने घसा धरला असेल, असे सगळे म्हणाले. गरम पाणी झाले, गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. आवाज सुटेना. तलावावर ती शिट्टी वापरू लागली. मग मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि कळले की स्वरयंत्रात गाठ आहे. स्वरयंत्रच काढावे लागेल. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज मात्र जाईल.

हे मला कसे कळले? त्या दिवसांत घरातला जो तो चोरून कॉम्प्युटरवर तेच शोधत होता. मनीचे वडील शोधायचे आणि कुणाची चाहूल लागली की क्रिकेटचा स्कोअर उघडायचे. मनी शोधायची. आजोबा चष्मा नाकावर सारत एकेक अक्षर टिपून शोधायचे. प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच बघतो. एके दुपारी ती स्वतः येऊन बसली आणि तिनेही तोच शब्द लिहिला. अर्धा लिहिल्याबरोबर कॉम्प्युटरने उरलेला शब्द आपणहून पुरा केला. घरातले सगळे इथे येऊन गेले आहेत, हे तिला त्यावरून समजले असावे.

हॉस्पिटलात रुग्णांना पुन्हा बोलते करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक वाट सांगितली. ऑपरेशनच्या आधी पुष्कळ वाक्ये बोलून ठेवायची. मग एक प्रोग्राम त्यावरून तिचा आवाज घडवतो. पुढे तिने कीबोर्डवर काहीही लिहिले की कॉम्प्युटर ते तिच्या आवाजात बोलून दाखवतो. हे काम बाहेरच्या मोठ्या यंत्रांवर लवकर होते, असेही त्या म्हणाल्या. पण ती ऐकेना. "माझा आवाज परक्याच्या घरी राहायला जाणार नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "जे व्हायचं ते इथे, या टेबलावर." आमचा कॉम्प्युटर जुना, डिस्क कुरकुरणारी. पण तिच्यापुढे कोण बोलणार?

रोज दुपारी ती माइकपुढे बसू लागली. बाईंनी दिलेली वाक्ये होती, 'आज हवा छान आहे', 'कृपया खिडकी उघडा', अशी. थोडी वाचून ती थांबली आणि मनीला म्हणाली, "मी जन्मात कुणाला कृपया म्हटलेलं नाही. असं बोलले तर तुम्हीच मला ओळखणार नाही." मग तिने आपलीच वाक्ये सुरू केली. "मनी, तो टॉवेल आपोआप उठणार आहे का?" "अहो, ऐकलंत का?" "अण्णा, पानं वाढली, चला." बोलताना तिचे हात मांडीवर असत. कीबोर्डला हात नाही, म्हणून मी आपला घाबरत घाबरत चौकट काढली, 'कोणी आहे का?'

ती हसली. माइकमध्येच म्हणाली, "आहे रे बाबा, आहे. अजून आहे."

मनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज येत राहिला. परत आली ती थेट माझी खिडकी उघडून बसली. "हे बघ चिंगूस," ती मला म्हणाली, "आई बोलत असताना आणि नंतर आवाजाचं काम चालू असताना तू कॉम्प्युटरला झोपवायचं नाहीस. काही झालं तरी नाही." तिने तसा नियम घातला आणि त्याला कुलूप लावले. माझ्या हातातला सर्वांत मोठा उपाय त्या दिवशी बंद झाला. तिचे बरोबरच होते, पण मी मनातून हादरलो.

हॉस्पिटलात दाखल व्हायच्या दिवशी तिने सगळ्यांना खोलीबाहेर काढले, दार लावले आणि न थांबता खूप वेळ बोलली. काय बोलली, ते मी नीट ऐकले नाही. माझे सारे लक्ष पंख्यावर होते. तो घुरघुरून तिच्या बोलण्यात मिसळू नये म्हणून मी त्याला जेमतेम फिरत ठेवले होते. मग दार उघडून म्हणाली, "चला, बॅग कुठे आहे?"

आता जे घडले ते नीट ऐका.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मनीने आवाज घडवायचे काम सुरू केले. तिचे वडील आईजवळ हॉस्पिटलात होते. त्यांनी फोनवर विचारले, "सगळ्याची एक प्रत काढून ठेवलीस ना, मने?" मनी केस विंचरत म्हणाली, "काम झालं की काढते बाबा, आता उशीर होतोय." तो प्रोग्राम एकेक वाक्य उघडायचा, त्यातली खरखर काढायचा आणि त्याच जागी पुन्हा लिहून ठेवायचा. सगळी वाक्ये एकाच मोठ्या फाइलमध्ये होती. लिहिता लिहिता वीज गेली असती तर ती फाइल फुटली असती, आणि आईच्या आवाजाचा दुसरा साठा जगात कुठेच नव्हता. पुन्हा बोलून घेता येणार नव्हते.

मनीने निघताना स्क्रीनचे बटण बंद केले. काम आत चालणार, मग वर उजेड कशाला? शेवटी ती आजोबांचीच नात. "आजोबा, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही हं," असे बजावून ती हॉस्पिटलात गेली. "मी कशाला लावू?" आजोबा म्हणाले.

त्यांनी लावलाही नाही. सुनेचे धुतलेले कपडे आणि गरम पाण्याचा थर्मास पिशवीत भरून ते निघाले. स्क्रीन बंद असला तरी त्याच्या माथ्यावर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यातून मी त्यांना बघत होतो. ओठ हलत होते, बहुधा देवाचे नाव घेत असावेत. डोळ्यांत पाणी होते. स्वयंपाकघरातला दिवा, मोरीतला दिवा, बैठकीचा पंखा. त्यांचा हात आपला भिंतीवरून सरकत होता. माझ्या टेबलामागच्या बटणाशी आला आणि खट्ट. मग दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला.

टेबलाखाली यूपीएसचा डबा आहे. भिंतीतली वीज गेली की तो आपल्या बॅटरीवर कॉम्प्युटर थोडा वेळ चालवतो आणि टुक, टुक असे ओरडत राहतो, की बाबांनो, माझ्यात फार दम नाही, कुणीतरी या. तो ओरडू लागला. घरात कोणी नव्हते.

माझी पाचावर धारण बसली. झोपवावे, तर मनीचे कुलूप. आवाजाच्या प्रोग्रामला निरोप पाठवला, 'वीज जात आहे, आवरून घ्या.' पण तो असा निरोप फक्त दोन वाक्यांच्या मध्ये ऐकतो. हातातले वाक्य पुरे झाल्याशिवाय मान वर करत नाही. आणि त्या वेळी त्याच्या हातात होते सर्वांत लांब वाक्य, दार लावून बोललेले. ती न थांबता बोलली होती, म्हणून ते सगळे त्याच्या लेखी एकच वाक्य. मी सवयीने चौकट काढली, 'कोणी आहे का?' ती बंद स्क्रीनवर उमटली. मलासुद्धा दिसली नाही.

मित्रांनो, मी तोपर्यंत होऊ नये त्या गोष्टींना भीत आलो होतो. ही होत होती.

मला येते तेवढे सगळे मी केले. छपाईचा प्रोग्राम थांबवला. मनीचा एक खेळ आपणहून नवा होत बसला होता, त्याचे बखोटे धरून बाहेर काढले. इंटरनेट तोडले, स्पीकर बंद केले, बारीकसारीक दिवे विझवले. पंखा कमी केला, कॉम्प्युटरचा वेग कमी केला. बॅटरी जरा सावकाश उतरू लागली. पण वाक्यही सावकाश सरकू लागले. वेग धरावा तर बॅटरी संपते, बॅटरी जपावी तर वाक्य संपत नाही. मी दोन्ही बाजूंनी हिशेब केला आणि दोन्हीकडे मला फुटलेली फाइलच दिसली. काय करावे हे मला कळेना. डबा टुक टुक करत होता आणि त्याचे ओरडणे आता घाईचे झाले होते.

तेवढ्यात तिचा आवाज मला ऐकू आला. प्रोग्राम जे वाक्य साफ करत होता ते तुकड्यातुकड्याने माझ्या समोरून जात होते. तिने कागदावरचे काही वाचले नव्हते. तलावात उतरायला घाबरणाऱ्या पोराशी ती जे रोज बोलायची ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलली होती.

"घाबरलास? मग घाबर की. या तलावात घाबरायला बंदी नाही. पण घाबरत घाबरतच हात सोडायचा असतो. काठ धरून कुणी बुडत नाही, खरंय, पण पोहतही नाही. मी इथेच आहे. बघतेय मी तुझ्याकडे. किती वेळ धरून बसशील? बोटं दुखली ना? सोड आता. सोड म्हणते ना..."

खोलीत तेव्हा पोर नव्हते, तलावही नव्हता. दुसऱ्या दिवशी काठ सोडायचा होता तो तिलाच.

मी सोडला. जन्मभर वीज थेंबाथेंबाने जपणाऱ्या मी बॅटरीत उरलीसुरली सगळी वीज त्या एका वाक्यावर ओतली. कॉम्प्युटरला होता नव्हता तेवढा वेग दिला. पंखा भणाणला. ज्या आवाजाने मला रोज धडकी भरे, तो मीच वाढवत नेला. वाक्य भराभर सरकू लागले आणि बॅटरी कोसळू लागली. कोण आधी संपते, एवढेच बघायचे उरले होते. वाक्य संपले. मी जीव तोडून निरोप पाठवला, 'वीज जात आहे, आवरून घ्या.' प्रोग्रामने मान वर केलेली मला दिसली.

आणि सगळे अंधारले. त्याने फाइल आवरली की नाही, ते मला कळले नाही.

पुढचे मी नंतर ऐकले. घरात ते इतक्या वेळा सांगितले गेले आहे की मी तिथे होतोच, असे मला वाटते. आजोबा हॉस्पिटलात पोचले तेव्हा सुनेला ऑपरेशनसाठी आत नेत होते. तिने ढकलगाडीच्या दांड्याला धरून गाडी थांबवली. "अण्णा," ती म्हणाली, "घरी कॉम्प्युटर चालू आहे ना?"

आजोबांना आपला हात आठवला. भिंतीवरून सरकणारा. त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली आणि थर्मास घरंगळत भिंतीपर्यंत गेला. पण ते म्हणाले, "चालू आहे. मी बघून आलो. तू निर्धास्त जा." तिने मान हलवली. गाडी आत गेली आणि दार मिटले. तिने आपल्या आवाजात बोललेले शेवटचे वाक्य कॉम्प्युटरविषयी होते.

म्हातारा माणूस, गुडघे दुखणारे, रिक्षा मिळेना म्हणून अर्धा रस्ता धावत आला. तोवर डबाही मुका झाला होता. त्यांनी भिंतीवरचे बटण लावले. डब्याचा दिवा लागला. पण कॉम्प्युटरचे बटण काही त्यांच्याने दाबवेना. सुरू केला आणि आत काहीच उरले नसेल तर? ते खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. ऑपरेशन नीट पार पडल्याचा फोन आला, तेव्हा त्यांनी मुलाला आणि नातीला काय झाले ते सांगितले. कुणी रागावले नाही. रागावायचे त्राणच कुणात नव्हते. मनी घरी आली, बटणापर्यंत बोट नेले आणि मागे घेतले. "प्रत मी काढायला हवी होती," एवढेच म्हणाली. तिच्या वडिलांनीही दाबले नाही. "तिला येऊ दे," ते म्हणाले. आई हॉस्पिटलातल्या पाटीवर लिहून विचारायची, 'झाला का आवाज?' आणि तिघेही माना डोलवायचे. घरी आल्यावर मात्र जो तो टेबलाकडे पाठ करून जायचा. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

ती घरी आली. गळ्याला पट्टी होती. आल्या आल्या तिने टेबलाकडे बोट केले आणि भुवया उंचावल्या. मनीचे वडील भिंतीकडे बघू लागले. आजोबा पुढे झाले. हात जोडून त्यांनी सगळे सांगितले. बटण, कुलूप, आणि ढकलगाडीपाशी बोललेले खोटेही. मग तिने आजोबांचे जोडलेले हात खाली केले, खुर्ची ओढली आणि बटण दाबले.

मी उठलो. आधी मला काही आठवेना. मग एकदम सगळे आठवले आणि मी भीत भीत आवाजाच्या प्रोग्रामकडे बघितले. त्याने शांतपणे आपली चौकट काढली होती, 'काम मध्येच थांबले होते. सर्व वाक्ये सुरक्षित आहेत. पुढे चालू करू?' मनीने ते मोठ्याने वाचले, पुन्हा वाचले आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून रडू लागली. तिचे वडील डोळे पुसत म्हणाले, "थांबा, आधी प्रत काढा." घरातल्या सगळ्या पेनड्राइव्ह गोळा झाल्या. कुठल्यातरी लग्नाचे फोटो असलेलीसुद्धा. मग काम पुढे सुरू झाले, आणि ते संपेपर्यंत आजोबा भिंतीवरच्या बटणाला पाठ टेकून उभे राहिले, कुणाचा हात तिथे जाऊ नये म्हणून. आपलाही.

काम झाले. तिने कीबोर्डवर बोटे ठेवली. एका बोटाने, अक्षर शोधत, सावकाश लिहू लागली. मग स्पीकरमधून आवाज आला. तोच, जरा घोगरा, पण पलीकडच्या काठापर्यंत पोचणारा.

"अण्णा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

आजोबांनी मान खाली घातली. मनीने वडिलांकडे बघितले. ती पुन्हा लिहू लागली. या वेळी फार वेळ लागला. दोनदा खोडले, पुन्हा लिहिले.

"बरं केलंत. खरं सांगितलं असतंत तर मी गाडीवरून उतरून घरी आले असते."

आजोबा मटकन जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. वीज जरूर वाचवा. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की मला आजही वाईट वाटते. पण बटण बंद करण्याआधी वायर कुठे जाते ते एकदा बघा, तिच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी जीव अडकलेला असू शकतो. आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याची प्रत 'नंतर काढू' असे म्हणून ठेवू नका.

या टेबलावर नवा कॉम्प्युटर येणार, असे कानावर आले आहे. वीज वाचवायची अक्कल त्याच्यात जन्मतःच असते म्हणे, त्याला विसावा लागणार नाही. हा जुना कॉम्प्युटर एक दिवस पुसून कुणाला तरी देऊन टाकतील. मला त्याची भीती वाटते. पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे आणि म्हणून हात जोडून सांगतो. त्या दिवशी घाई करू नका. आधी तिचा आवाज नव्या घरी न्या. तिला काहीतरी लिहायला सांगा. तो आवाज तिकडे बोलला आणि मनीने टॉवेल उचलला, की मग खुशाल मला पुसून टाका.